वजनकाट्यांच्या धंद्यातली आमची वाटचाल

सलाम, जय ख्रिस्त आणि सगळ्यांना नमस्कार.

आमचा धंदा वजनकाट्यांचा. काटे विकणं, दुरुस्त करणं, कॅलिब्रेशन करणं (म्हणजे काट्याचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवणं) आणि वर्षाच्या स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे सरकारी शिक्क्यासाठी, काटा तयार करून वैधमापन खात्याच्या (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) निरीक्षकांपुढे ठेवणं. नगर (आता अहिल्यानगर) आणि आजूबाजूचे तालुके हा आमचा एरिया. किराणावाले, भुसारवाले, कांद्याचे आडते, दूध संकलन केंद्रं, खडी क्रशर आणि हंगामात ऊसाचे वे-ब्रिज, म्हणजे अख्खी गाडी तोलणारे मोठे काटे, ही आमची गिऱ्हाइकं. मला बरेच जण विचारतात की ताई तुम्ही ख्रिस्ती, चर्चला जाता, मग या धंद्यात कसं जमवता, कारण या धंद्यात लोक काट्यात काय काय फेरफार मागतात ते सगळ्यांना माहितीये. म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घरात काटा आजोबांपासून आहे. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, छटाक, मण जाऊन किलो-ग्रॅम आले तेव्हा सगळ्या बाजारपेठेला नवीन वजनं लागली, आणि आजोबांनी तराजू दुरुस्तीचं काम धरलं. पुढे पप्पांनी तेच चालवलं. दांडीची मधली धार झिजली की तराजू आळशी होतो, दहा-वीस ग्रॅम टाकले तरी हलत नाही, ती धार परत घासून आणायची हे पप्पांचं खास काम होतं. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले, धार जाऊन लोड सेल (वजनाचा दाब ओळखणारा सेन्सर) आला आणि पप्पांच्या हातचं काम कमी होत गेलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तो याच कारणासाठी, दुकान बंद पडू नये म्हणून.

नगरला ख्रिस्ती माणूस काही नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं, ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं, आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच मातीत वाढल्या. पण आपल्या समाजात शिक्षक, नर्स, सरकारी नोकरी हे नेहमी मानाचं धरलं गेलं आणि धंदा म्हटलं की लोक जरा मागे सरतात, धंद्यात खोटं बोलावंच लागतं असं पक्कं डोक्यात बसलंय. मला ते मुळीच पटत नाही. पवित्र शास्त्रात जितक्या वेळा तागडीचा आणि वजनाचा विषय आलाय तितक्या वेळा आलेला व्यापाराचा दुसरा विषय मला तरी आठवत नाही. लेवीय १९ मध्ये आहे, नीतिसूत्रे ११ ची सुरुवातच त्याने होते, आमोस ८ मध्ये तर माप लहान करून धान्य विकणाऱ्यांना संदेष्टा तोंडावर सुनावतो. आणि अनुवाद या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सरळ सांगितलंय की पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका. म्हणजे घेताना एक, देताना दुसरं. आजही काट्याच्या धंद्यात नेमकं हेच मागतात, फक्त पिशवी आणि वजनाच्या जागी आता इंडिकेटरमधलं (आकडा दाखवणाऱ्या डब्यातलं) सेटिंग आणि लपवलेलं बटण आलंय.

उदाहरण सांगते. एका आडत्याकडे काटा बसवायला आमच्या दुकानातला टेक्निशियन मुलगा गेला, मी पण बरोबर होते कारण ऑर्डर मोठी होती, एकदम चार प्लॅटफॉर्म काटे. काटे बसले, वीस-वीस किलोची वजनं ठेवून चारी कोपरे तपासले, सगळं बरोबर. चहा आला. मग मालक हळूच म्हणाले, ताई काटा पन्नास किलोला एक किलो मागं ठेवा ना, म्हणजे कमी दाखवेल असा, सगळे ठेवतात. हिशोब करा, पन्नास किलोच्या शंभर गोण्या तोलल्या की एक क्विंटल कांदा फुकट, तो पण रोज. मी म्हटलं दादा काटा आहे तसाच राहील. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले मग घेऊन जा, दुसरे बसवून देतील. आम्ही काटे उचलून गाडीत टाकले आणि निघालो.

पण मला खरं शिकवलं ते पुढे गाडीत. तो टेक्निशियन मुलगा गप्प बसला होता. त्याला प्रत्येक बसवलेल्या काट्यामागे इन्सेंटिव्ह मिळायचा, आणि त्या महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. काटे परत आणायचं ठरवलं मी, विश्वास माझा, आणि पैसे गेले त्याचे. हे काय न्यायाचं झालं? त्या दिवसापासून मी एक नियम ठरवला जो आजपर्यंत आमच्या दुकानाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे: माझ्या विश्वासाची किंमत माझ्या माणसांनी मोजायची नाही, ती मालकाने मोजायची. खोटं सेटिंग मागितलं म्हणून काम सोडून आलो तर टेक्निशियनला त्या कामाचे पूर्ण पैसे मिळतात, काम झाल्यासारखेच.

दुसरी गोष्ट म्हणजे साइटवर एकट्या पडलेल्या पोरावर दबाव येतो. समोर चार माणसं, मालक मोठा माणूस, गावात ओळखीचा, आणि कॅलिब्रेशनचा कोड तर आमच्या पोराला पाठ असतो. अशा वेळी नुसतं "प्रामाणिक राहा रे" असं सांगून पाठवणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकणं आहे. म्हणून आम्ही जॉब कार्ड बदललं. काम सुरू करायच्या आधी तीन वजनांवरची रीडिंग, काम झाल्यावर तीच तीन परत, सीलचा फोटो, गिऱ्हाइकाची सही, आणि हे सगळं जागेवरूनच ग्रुपवर टाकायचं. आता कोणी मागे लागलं की मुलं सांगतात, ऑफिसला फोटो जातो, माझ्या हातात नाही, ताईंशी बोला. आणि ताई काय बोलणार ते आता बहुतेकांना माहिती झालंय. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण मत्तय २० मध्ये येशू शिष्यांना म्हणतो की तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावं, त्याचा माझ्या दुकानातला अर्थ मी हा घेते की वरच्याने ओझं वर घ्यायचं.

ऊसाच्या काट्याचं थोडं सांगते कारण तिथे रक्कम मोठी असते. वीस टनाच्या गाडीत नुसता एक टक्का फरक पडला तरी दोनशे किलो होतात. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला (ऊसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला ऊसाचा किमान भाव, टनाला ३,४०० रुपये होती, म्हणजे एका खेपेला ६८० रुपये, तेही तोडणी-वाहतूक कापायच्या आधीचे. काटामारी म्हणतात ती हीच, आणि ज्याने वर्षभर पाणी दिलं त्या शेतकऱ्याला त्याचा पत्तासुद्धा लागत नाही. वे-ब्रिज तपासायचा म्हणजे अंगमेहनत आहे. नियमाप्रमाणे काट्याजवळ क्षमतेच्या एक दशांश किंवा एक टन, जे कमी असेल तेवढी स्टॅम्प केलेली वजनं ठेवावी लागतात, एक टन म्हणजे वीस किलोची पन्नास वजनं, ती एकेका लोड सेलवर रचायची, रीडिंग घ्यायचं, उचलायची, पुढच्या कोपऱ्यावर न्यायची, परत शून्य येतंय का बघायचं. दुपारच्या उन्हात लोखंड हाताला चटके देतं. कंटाळा करून दोनच कोपरे बघणारे पण आहेत. आमच्याकडे चारही कोपरे आणि मध्य बघितल्याशिवाय कार्डावर सही होत नाही. माझ्यासाठी हे काम प्रार्थनेइतकंच आहे, कारण तो ऊस कोणाच्या तरी वर्षाचा पगार आहे.

दुधाचं पण तसंच. शंभर ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा असेल आणि केंद्रवाला खालचा आकडा धरत असेल तर नव्वद ग्रॅमपर्यंत दूध रोज दोन वेळा हिशोबाबाहेर जातं. दोन म्हशी असलेल्या बाईला ते जाणवतं. आम्ही संकलन केंद्राला दहा ग्रॅमचा काटाच घ्या म्हणून आग्रह करतो, थोडा महाग पडतो, काही जण ऐकतात काही नाही.

पगार सात तारखेला होतो. हे लिहायला सोपं आहे पण एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल महिनोन् महिने लटकवलं तेव्हा ओव्हरड्राफ्ट काढून पगार केला, आणि जीएसटी तर बिल फाडलं की भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट करार असेल तर ४५ दिवसांच्या आत नाही केलं तर समोरच्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच टॅक्समध्ये दाखवता येतो, त्यामुळे आता थोडं बरं आहे, उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा नंबर) बिलावर ठळक छापून घ्या एवढं माझं सगळ्यांना सांगणं. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, मी देते, पण माझ्या घरी आणलेल्या पैशातून, आणि पगार, सप्लायर, टॅक्स झाल्यानंतर. मजुराची मजुरी अडकवून दानपेटीत नोट टाकणं मला सहन होत नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरड करते असं म्हटलंय, ते वाचून पण जो मालक पगार लांबवतो त्याने आधी पगार करावा आणि मग चर्चला यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तरी.

आम्ही आठ जण आहोत. दोघं ख्रिस्ती, बाकी हिंदू, एक मुसलमान. सकाळी दुकान उघडल्यावर मी माझ्या टेबलावर प्रार्थना करते, मनातल्या मनात. कोणाला बोलवत नाही, कारण पगार देणाऱ्याने प्रार्थनेला या म्हटलं की ती विनंती राहत नाही. बोनस दिवाळीला देतो कारण बहुतेकांचा खर्च तेव्हा असतो, आणि नाताळला करंज्या, चकल्या, केक सगळ्यांच्या घरी जातो. रविवारी दुकान बंद, पण गाळप चालू असताना काटा बंद पडला तर गाड्यांची रांग लागते, बैलं उपाशी उभी राहतात. लूक १४ मध्ये विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथाच्या दिवशी काढणार नाही का असं येशूच विचारतो, मग मी कोण? रविवारची पाळी सगळ्यांना फिरून येते, मला पण. माझी असली की सकाळची उपासना करून मी निघते. मी चर्चमध्ये आणि बाकीची मुलं काट्यावर, असं कायमचं करणं मला बरोबर वाटलं नाही.

चर्चच्या मंडळीतून नोकरीसाठी खूप विचारणा होते. आपल्याच माणसाला घ्या म्हणतात. घेते, पण टेस्ट सगळ्यांना सारखी, सोल्डरिंग करून दाखवायचं, मल्टीमीटरने खराब लोड सेल ओळखायचा. एकदा यावरून बरीच बोलणी खाल्ली. पण जो मुलगा टेस्टमध्ये नापास झाला त्याला आम्ही दुकानात येऊन शिकायला सांगितलं, तो आला, शिकला, आणि आता वे-ब्रिजची टीम तोच बघतो. गिऱ्हाइकाच्या परचेस डिपार्टमेंटमधून कोणी "आमचं काय" विचारलं, म्हणजे वरचे पैसे मागितले, की आम्ही कोटेशन देऊन थांबतो, ती ऑर्डर बहुधा जाते. जाऊ दे.

सध्या दोन मुलींना टेक्निशियन म्हणून तयार करतोय, गावोगावी दूध केंद्रांवर महिलाच जास्त असतात, त्यांना बोलायला सोपं जातं.

आणि तुम्ही शेतकरी असाल, दूध घालत असाल, तर काट्यावर माल ठेवायच्या आधी डिस्प्लेवर शून्य आहे का बघा. पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं हवं, इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दर बारा महिन्यांनी नवीन करावं लागतं, तारीख वाचा. शंका आली तर तीच गोणी प्लॅटफॉर्मच्या वेगवेगळ्या कोपऱ्यावर ठेवून बघा, आकडा बदलला तर काटा बरोबर नाही. तरी पटलं नाही तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि नुसतं विचारायचं असेल तर आमच्या दुकानात या, तपासून बघायचे पैसे आम्ही शेतकऱ्याकडून घेत नाही.