पाहुण्या चित्रकार बाई आणि माझे जलरंग : सरावाची नोंद

शाळेच्या चित्रकला वर्गाचा खिडकीकडचा अर्धा भाग सध्या एका पाहुण्या चित्रकार बाईंचा स्टुडिओ झालाय. सत्र संपेपर्यंत त्या इथेच काम करणार आणि शेवटी त्यांच्या व मुलांच्या चित्रांचं एकत्र प्रदर्शन भरणार. मांडणीला मदत करायच्या निमित्ताने मला तिथे बसायला मिळतं, आणि माझ्या जलरंगांच्या सरावाला त्यामुळे चांगलाच वेग आलाय.

सगळ्यात मोलाचं म्हणजे अर्धवट चित्रं बघायला मिळतात. प्रदर्शनात किंवा पुस्तकात चित्र आपल्यासमोर येतं ते पूर्ण होऊनच. पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा पातळ थर, कुठे थांबवला, कोणती पांढरी जागा शेवटपर्यंत राखली, हे त्यात दिसेनासं होतं. बाई प्रत्येक चित्राआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीनच टोनमध्ये (फिकट, मध्यम, गडद) आराखडा करतात आणि तो चालू चित्राशेजारी भिंतीला लावून ठेवतात. मधल्या सुट्टीत मुलं येऊन दोन्ही ताडून बघतात. परवा एकाने ओळखलं, की आराखड्यातली दाराजवळची गडद जागा चित्रात अजून कोरीच आहे. "बरोबर. आता तेवढीच राहिलीय," म्हणत बाईंनी त्याच्यासमोर ती भरली आणि सपाट वाटणारा व्हरांडा एकदम आत गेला. मीही आता आराखड्याशिवाय कागद ओला करत नाही. डोळे बारीक करून बघितलं की तीन टोन आपोआप वेगळे होतात.

आता सावल्यांबद्दल, कारण माझ्या चित्रांत सगळ्यात जास्त फरक तिथे पडलाय. सातवीतली एक मुलगी पांढऱ्या भिंतीवरची सावली रंगवत होती आणि तिने काळी ट्यूब उचलली. बाईंनी तिच्या हातात कोऱ्या कागदाचा तुकडा दिला. "अर्धा उन्हात धर, अर्धा सावलीत. सावलीतला भाग कसा दिसतो?" मुलगी बराच वेळ बघत राहिली. "निळसर. पण भिंतीवरची सावली खाली फरशीजवळ लालसर आहे." किती नेमकं टिपलं तिने! थेट ऊन अडलं तरी आकाशाचा निळा उजेड सावलीत पोचतोच, आणि लाल फरशीवरून परतलेला उजेड खालून भिंतीवर चढतो. मग बाईंनी ओल्या कागदावर निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएना शेजारी शेजारी सोडले. हे दोन रंग एकमेकांना मारतात आणि राखाडी तयार होतो, पण पॅलेटवर घोटून एकजीव केला तर तो निर्जीव दिसतो. कागदावरच मिसळू दिले, की कुठे निळा डोकावतो, कुठे तांबूस. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसून सुंदर दाणेदार पोत येतो. माझ्या पेटीतला काळा त्यानंतर उघडलेला नाही.

दुसरी सवय वाळण्याची वाट बघण्याची. वॉशवरची चमक गेलीय पण कागद अजून दमट आहे, तेव्हा त्यात पाण्याचा ब्रश लागला की पाणी रंगाला ढकलत नेतं आणि वेड्यावाकड्या कडेचा डाग पडतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावायची. गार लागला तर अजून ओल आहे. मुलांना हे फार आवडलंय, वर्गभर सगळे कागद तपासत असतात.

मांडणीचं काम सुरू झालंय. मोठ्यांच्या प्रदर्शनात चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर येतो. इथे बघणारे बरेचसे लहान, म्हणून आम्ही सगळी ओळ बरीच खाली घेतलीय. माझ्या मते शाळेत हेच योग्य. बाईंची आणि मुलांची चित्रं वेगवेगळ्या भिंतींवर न लावता आलटून पालटून लागतील, प्रत्येकाचा तीन टोनचा आराखडा शेजारी. क्रमांक आणि बक्षिसं नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे. फ्रेममध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहित घेतलाय. त्याच्या जाडीमुळे चित्र काचेला टेकत नाही, नाहीतर काचेच्या आतली ओल थेट कागदाला लागते. खिडकीसमोरची भिंत मात्र रिकामी ठेवतोय, तिथे दुपारचं ऊन येतं.

त्यावरूनच माझं पुढचं काम ठरलंय. अलिझारिन क्रिमझन, म्हणजे ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला, उजेडात उडतो. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन जातीचे लाल बरेच टिकाऊ. पेटीतल्या सगळ्या लाल रंगांच्या पट्ट्या काढून, प्रत्येकीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून त्या मी उन्हाच्या खिडकीत लावल्यात. काही महिन्यांनी झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून फोटो टाकेन. तुमच्यापैकी कोणी पीव्ही १९ (क्विनाक्रिडोन जातीचंच रंगद्रव्य) वापरत असेल, तर पातळ वॉशमध्ये तो कसा वागतो ते जरूर लिहा.