आकडे सगळे हिरवे, तरी गाडी उजवीकडेच

नवी गाडी घरी येऊन नऊ दिवस झाले होते. अण्णांना घेऊन नाशिकहून घोटीला मावशीकडे निघाले होते. विल्होळी मागे पडलं आणि अण्णा माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "अगं, स्टेअरिंग डावीकडे दाबून का धरलंयस?"

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली आहे, त्यामुळे त्यांना दिसलं. "हात काढू नकोस, पकड फक्त सैल कर," म्हणाले. मागेपुढे कोणी नव्हतं, वेग साठ. पकड सैल केली तशी गाडी उजवीकडे सरकायला लागली आणि मनात पाच मोजून व्हायच्या आत उजवं चाक पट्ट्यावर आलं. संध्याकाळी परत येतानाही तेच झालं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. सल्लागाराने माझं ऐकलं आणि उत्तर मात्र अण्णांना दिलं, "काका, रस्त्याला उतार असतो, मॅडमना सवय होईल." रस्त्याला उतार असतो हे खरंच आहे. पाणी वाहून जावं म्हणून तो कडेकडे दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणून चांगली गाडीसुद्धा किंचित डावीकडे जाते. माझी उजवीकडे जात होती, म्हणजे उताराच्या उलट. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे. हे मी त्याला शांतपणे, पण दोनदा सांगितलं.

जॉबकार्डावर त्याने 'जनरल चेकअप' लिहिलं होतं. ते मी बदलून घेतलं : 'सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाला गाडी उजवीकडे ओढते.' तारीख आणि किलोमीटरसह. तीन आठवडे जी काही दाद मिळाली ती या एका ओळीमुळे. तोंडी तक्रारीचा मागे काहीच पुरावा राहत नाही.

आधी हवा तपासली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं, टायरमध्ये ३८ आणि ४१. यार्डातून निघालेल्या गाड्यांत हवा अशी जास्त असते, ती देताना कमी करायला हवी होती. हवा बरोबर केली, ओढ थोडी कमी झाली पण गेली नाही. ब्रेक चिकटतोय का हेही पाहिलं : गाडी चालवून आणल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरला, उष्णता सारखीच होती.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं. पहिल्या खेपेला मला बाहेर बसवलं. गाडी हातात आली तेव्हा सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवरचा लोगो तिरका! ओढ होती तशीच. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि या वेळी रॅम्पपाशी उभी राहिले. स्टेअरिंग सरळ धरून ठेवायला एक कुलूपासारखा स्टँड असतो, तो आदल्या दिवशी बहुतेक लावलाच नसावा. या वेळच्या मेकॅनिक मुलाने तो लावला, दोन्ही टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे) सारखे फिरवले, स्टेअरिंगचा सेन्सर शून्यावर आणला. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे झाले. प्रिंट हातात देऊन सल्लागार म्हणाला, "झालं मॅडम, ओके आहे."

स्टेअरिंग खरंच सरळ झालं होतं. पण गाडी उजवीकडेच.

इथे मला जे उशिरा कळलं ते सांगते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, जुळवणं. टो चुकला की टायर झिजतात, स्टेअरिंग वाकडं दिसतं, पण त्याने गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक किती कललंय) किंवा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो पुढे-मागे किती कललाय) दोन बाजूंना वेगवेगळे असतील तर ओढते. माझ्या कागदावर तेही जुळत होते. मग उरतात टायर, आणि त्या मशीनला टायरच्या आतलं काहीच दिसत नाही.

हे सांगितलं सातपूरच्या एका टायरवाल्या काकांनी. प्रिंट बघून म्हणाले, "ताई, आकडे बरोबर आहेत. पुढचे दोन टायर अदलाबदल करू, मग बोलू." टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, हे आधी पाहिलं, बाण असेल तर अशी अदलाबदल चालत नाही. पंधरा मिनिटांचं काम. त्याच रस्त्यावर गाडी नेली आणि ती डावीकडे ओढायला लागली. इतके दिवस मला वेड्यात काढलं होतं, स्टेअरिंग धरल्या धरल्या रडूच आलं.

काकांनी पुढचा एक टायर मागे टाकला, मागचा पुढे आणला. गाडी सरळ. नव्या टायरच्या आतला पट्टा जरासा एका बाजूला बसला की टायर सूक्ष्म शंकूसारखा होतो. स्टीलचा निमुळता पेला आडवा करून ढकला, तो सरळ जात नाही, वळतो. टायर तेच करतो, आणि बाहेरून तो अगदी निर्दोष दिसतो. मागच्या चाकावर गेला की त्याची ओढ सहसा जाणवत नाही, म्हणून काहीजण तेवढ्यावर थांबतात. मी थांबले नाही. नव्या गाडीचे पूर्ण पैसे मोजले होते, आणि नंतर कधी टायरची पुढे-मागे अदलाबदल करताना तो पुन्हा पुढे आलाच असता.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा सल्लागाराला शेजारी बसवून आधी एका, मग दुसऱ्या मांडणीत गाडी चालवून दाखवली. त्यानंतर तो एकदाही अण्णांकडे बघून बोलला नाही. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते, त्यामुळे त्यांचा माणूस यायला आठ दिवस लागले. त्याने टायरचा नंबर लिहून घेतला, स्वतः फेरी मारली आणि बदली मंजूर केली.

नवा टायर बसल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घेतली, या वेळी पैसे न देता. मग अण्णांना घेऊन परत विल्होळीच्या पुढे गेले. पकड सैल केली. अण्णा पुढच्या पट्ट्यांकडे बघत मनात मोजत होते, बाराला थांबले. "आता जाऊ दे घोटीला," म्हणाले.