मांजराच्या केसांचा ब्रश आणि कालिनाची फळं: पेट्रिकिव्हकाचे दोन दिवस

सप्टेंबर 2019 मध्ये मी युक्रेनमधल्या पेट्रिकिव्हका या चित्रकलेच्या गावाला एका दिवसासाठी गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं, दुसऱ्या दिवशी ब्रश हातात धरला. पुढे जाणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच दोन दिवस धरावेत, म्हणून हे लिहितेय.

आधी आजची परिस्थिती. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांसाठी बंद आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये द्निप्रो शहराचा विमानतळ क्षेपणास्त्रांनी उद्ध्वस्त झाला, आणि हा सगळा भाग हल्ल्यांच्या टप्प्यात आहे. युद्ध चालू असताना हौसेने तिकडे जाऊ नये. खालची माहिती शांततेच्या दिवसांसाठी जपून ठेवा.

माझा भाचा तेव्हा द्निप्रोला मेडिकलला होता. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे शिकायची. "मावशी, तू चित्रकला शिकवतेस ना, मग इथून जवळच एक गाव आहे," एवढंच तो म्हणाला होता. नीपर नदीच्या डाव्या तीरावर, शहरापासून साधारण 60 किलोमीटरवर, चाप्लिन्का नावाच्या लहानशा नदीकाठी चार-पाच हजार वस्तीचं हे गाव आहे. तेव्हा सरकारी कागदात ते 'शहरी पद्धतीची वसाहत' होतं. 2024 मध्ये युक्रेनने सोव्हिएत काळातला हा वर्गच रद्द केला आणि पेट्रिकिव्हका ग्रामीण वसाहत झालं. बसमधून उतरल्यावर मला तरी ते गावच वाटलं होतं. फाटकाबाहेर बाकडी, अंगणात भोपळे, दोऱ्यावर वाळत घातलेला लसूण.

वाटेतला प्रदेश सपाट आहे, नजर अडेल असं काही नाही. माती काळी. आपल्या देशावरच्या काळ्या रानाची आठवण येते, पण ही माती बेसाल्टची नाही. हजारो वर्षं गवत वाढून, कुजून, त्यातून ती तयार झाली. सूर्यफुलं काढणीला आली होती, माना खाली घालून काळी पडलेली. नीपरच्या बाजूला मात्र रेताड पट्टे, लव्हाळ्याची बेटं आणि पाणथळ कुरणं लागतात. हे पाणी आणि हे गवत डोळ्यांत साठवून घ्या, गावातल्या चित्रांत ते पुन्हा भेटतं.

गावाचा उगम झापोरोझियाच्या कोसॅकांशी, म्हणजे नीपरकाठच्या स्वतंत्र लढवय्यांशी, जोडलेला आहे. 1772 साली त्यांचा शेवटचा प्रमुख पेत्रो काल्निशेव्स्की याच्या पाठिंब्याने, पुराच्या पाण्याने त्रासलेल्या कुरिलिव्हकाहून एक लाकडी चर्च इथे आणून उभारलं, अशी गावाची सुरुवात सांगतात. पेट्रिक नावाच्या पहिल्या रहिवाशावरून नाव पडलं, असंही ऐकलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1775 मध्ये, रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या सैन्याने कोसॅकांचं मुख्य ठाणं मोडून टाकलं. काल्निशेव्स्कीला पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्हेत्स्की मठात कैदेत ठेवलं. 1801 मध्ये सुटका होऊनही तो तिथेच राहिला आणि 1803 मध्ये तिथेच वारला. ठाणं गेलं, पण पेट्रिकिव्हकाची माणसं कुणा जमीनदाराची भूदास झाली नाहीत, सरकारी शेतकरी म्हणून राहिली. इथले लोक हे आवर्जून सांगतात: स्वतःची भिंत रंगवायला हाताला सवड आणि मनाला उभारी लागते, ती आमच्याकडे होती. मला हे पटलं.

भिंती म्हणजे माती, पेंढा आणि घोड्याची लीद कालवून लिंपलेल्या. त्यांवर पांढरा हात फिरवायचा आणि सणाआधी बायका खिडक्यांभोवती, चुलाण्यावर फुलं काढायच्या. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे हीच फुलं कागदावर उतरली. त्यांना 'माल्योव्का' म्हणतात. बायका त्या बाजारात विकत, आणि ज्यांना काढता येत नसे ते विकत घेऊन भिंतीला चिकटवत. वारली चित्रंही अशीच भिंतीवरून कागदावर आली, पण पेट्रिकिव्हकात लग्नचौकासारखा नेमका विधी मला दिसला नाही. घर प्रसन्न दिसावं आणि दुःख, वाईट नजर दाराबाहेर राहावी, एवढी त्यामागची श्रद्धा.

दिवस वाईटही आले. 1932-33 च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसं मेली, तो पट्टा हाच. त्यातून तीन वर्षांत, 1936 मध्ये, शिक्षक ओलेक्सांद्र स्तातिव्हा यांनी गावात सजावटी चित्रकलेची शाळा उघडली आणि शिकवायला तेत्याना पाता यांना बोलावलं. 1884 चा जन्म, खेडूत बाई, भिंती रंगवत मोठी झालेली. तिच्या हाताखालची मार्फा तिम्चेन्को पुढे कीव्हला चिनी मातीच्या भांड्यांवर हेच काम करून नावाजली. युद्धाने 1941 मध्ये शाळा बंद पडली, पण तोवर हात तयार झाले होते. गेल्या पिढीत फेदिर पान्को यांनी कारखान्यातून आणि कार्यशाळांतून ही कला टिकवली. डिसेंबर 2013 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एका शिक्षिकेला गावाने दिलेला वर्ग इतका दूरवर पोचला, याचा मला, स्वतः शिक्षिका असल्याने, फार आनंद झाला.

आता दुसऱ्या दिवसाबद्दल. लोककलेच्या केंद्रात आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी काडीला दोऱ्याने बांधलेले काही केस पुढे केले. हा 'कोशाच्का', मांजराच्या केसांचा ब्रश. दुकानातला ब्रश चालत नाही का, असं विचारलं तर त्यांनी दोन्हींनी एकेक फटकारा मारून दाखवला. मांजराचा केस मऊ, टोक लांब, दाब दिला की पसरतो आणि उचलला की केसाएवढा बारीक होतो. एकाच फटकाऱ्यात पाकळीचं पोट आणि शेपूट दोन्ही तयार. पट्टी नाही, कंपास नाही, पेन्सिलीचं रेखाटन तर नाहीच. 'ह्रेबिनेत्स' म्हणजे कंगवा: जाडीकडून बारीककडे जाणाऱ्या फटकाऱ्यांची रांग. दुसरा प्रकार दाण्यासारखा. तिसऱ्यात ब्रश एका रंगात बुडवून टोकाला दुसरा रंग घ्यायचा, म्हणजे पाकळी कागदावरच पिवळ्याची लाल होत जाते. कालिना या लाल फळांच्या झुडपाचे घोस मात्र बोटाच्या टोकाने ठिपके देऊन काढतात. खिडकीबाहेरच्या झुडपाला तेव्हा फळं लगडली होती, मी एकदा कागदाकडे आणि एकदा बाहेर बघत होते. वर्गातल्या मुलांना रेखाटनाशिवाय रंग लावू न देणारी मी तिथे बराच वेळ कंगवा काढत बसले. आधीचे सगळे लुळे पडले. शेवटचे चार बरे आले, ते जपून ठेवले आहेत.

जाण्यासाठी: द्निप्रोच्या मुख्य बसस्थानकावरून मार्शरुत्का, म्हणजे लहान बस, साधारण दीड तास. मागे बसलात तर पैसे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून द्या, हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे परत येतात. उतरताच परतीची शेवटची बस विचारून घ्या. सिरिलिक अक्षरं वाचता येण्याइतपत शिकून जा, पाट्यांवर दुसरं काही नसतं. मुक्कामाला द्निप्रोच बरं. तिथलं याव्होर्नित्स्की इतिहास संग्रहालय आधी पाहिलंत तर कोसॅकांचा काळ डोक्यात बसतो आणि गाव जास्त कळतं. कीव्हहून द्निप्रोला जलद रेल्वेने सहा तासांच्या आसपास लागायचे.

शाकाहारी असाल तर 'बेझ म्यासा', मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. तरीही वारेनिकी, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या त्यांच्या करंज्या, डुकराच्या तळलेल्या चरबीचे तुकडे घालून येऊ शकतात, ते वेगळं सांगा. चेरीच्या वारेनिकी मागवल्या तर प्रश्नच नाही. सुक्या फळांचं सरबत, उझ्वार, नक्की प्या.

खरेदी करताना वस्तू उजेडात धरा. हाताने काढलेल्या दोन पाकळ्या कधीही अगदी सारख्या नसतात, आणि फटकाऱ्याच्या सुरुवातीला रंगाचा किंचित उंचवटा बोटाला लागतो. सगळं गुळगुळीत आणि डाव्या बाजूसारखंच उजवीकडे असेल तर ते छापील आहे. डब्या, ताटं घ्याच, पण त्याआधी साधी कागदावरची माल्योव्का घ्या. वजन नाही, आणि मूळ रूप तेच.

भाचा 2022 च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या इतर मुलांबरोबर, रेल्वेने पश्चिम सरहद्द गाठून घरी आला. कोशाच्का माझ्याकडे आहे. बाईंनी निरोप देताना बजावलं होतं: धुतल्यावर केस ओले असतानाच ओठांनी टोक करायचं आणि उभा न ठेवता आडवा ठेवायचा. मी अजून तसाच ठेवते.