जानेवारीत या, ऑगस्टात नको

भूमध्य समुद्राकाठच्या हवेचं कौतुक करणारे सगळे फोटो जुलै-ऑगस्टातले असतात. निळं पाणी, पांढऱ्या भिंती, छत्रीखाली आडवी पडलेली माणसं. मी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला राहते आणि माझं सरळ मत आहे: ऑगस्टात इकडे फिरकू नये. ऑगस्टातली व्हॅलेन्सिया म्हणजे मे अखेरची रत्नागिरी, वर आंबेसुद्धा नाहीत. पारा ३० च्या आसपास, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण समुद्र तापलेला असतो, त्यामुळे रात्रीही २२-२३ च्या खाली उतरत नाही. पहाटे उशी दमट लागते. एसी लावला की घसा धरतो, बंद केला की झोप उडते.

हे झालं समुद्रावरून वारा येत असताना. इथले लोक त्याला लेव्हान्ते म्हणतात, आणि घाम येत असला तरी त्यांना तो आवडतो. कारण उलट दिशेचा पोनिएन्ते काय करतो हे त्यांनी पाहिलंय. हा वारा आतल्या पठारावरून खाली उतरतो, उतरताना दाबला जाऊन तापतो आणि हवेतली सगळी ओल घालवतो. १० ऑगस्ट २०२३ ला तो सुटला तेव्हा इथल्या विमानतळावर ४६.८ अंशांची नोंद झाली. समुद्रकाठच्या गावात! त्या दुपारी आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या खिडक्यांच्या झडपा खाली होत्या.

मग या हवेत चांगलं काय? जानेवारी.

दुपारी १६-१७ अंश, लख्ख ऊन, फुटपाथवर टेबलं मांडलेली आणि आजी-आजोबा कोट घालून उन्हाला तोंड करून कॉफी पीत बसलेले. गावाबाहेरच्या बागांमध्ये संत्री लगडलेली. (रस्त्याकडेच्या झाडांनाही असतात, पण ती कडू जातीची. पाहुण्यांना मी मुद्दाम सांगत नाही.) महिनाअखेरीपासून बदामाला फुलं यायला लागतात. भूमध्य हवामान म्हणजे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, असं शाळेत घोकलं होतं, आणि लिस्बनला ते खरंही आहे. तिथला जानेवारी चांगलाच ओला असतो. व्हॅलेन्सिया मात्र स्पेनच्या पूर्व काठावर आहे. अटलांटिकवरून येणारे ढग मधल्या पठारावर आणि डोंगरांवर रिकामे होतात, आमच्यापर्यंत उरतो तो वारा आणि ऊन. वर्षाचा सगळा पाऊस मिळून साधारण ४५० मिलिमीटर. आमच्या चिपळूणला तेवढा कधी कधी दोन-तीन दिवसांत पडतो.

जानेवारीतही एक गोम आहे, ती मात्र घरात. जुन्या इमारती उन्हाळ्यासाठी बांधलेल्या: फरशीची जमीन, एकेरी काचा, हीटिंगच्या नावानं शंख. बाहेरून आल्यावर स्वेटर काढायचा नाही, चढवायचा. शेजारच्या बाईंकडे पूर्वीच्या पद्धतीचं गोल टेबल आहे. जमिनीपर्यंत लोळणारा जाड टेबलक्लॉथ आणि आत, पायांशी, विजेची शेगडी. चौघं जण कापड मांडीवर ओढून पत्ते खेळत बसतात. मला हे हीटरपेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण त्यानं माणसं एका जागी येतात आणि भांडतात.

कोकणातल्या माणसाला इथली खरी गंमत कळते ती भातशेतीजवळ गेल्यावर. गावाच्या दक्षिणेला आल्बुफेराचं सरोवर, त्याच्याभोवती मैलोन्मैल भात. पेरणी मे महिन्यात, कापणी सप्टेंबरात, आणि मधल्या जुलैत आभाळात ढगाचा ठिपका नाही. पाणी सगळं पाटाचं. आपल्याकडे ऊब आणि पाऊस हातात हात घालून येतात, म्हणून आठवड्यात डोंगर हिरवे होतात. इथे ऐन उन्हाळ्यात पाणी गायब, म्हणून ऑलिव्ह आणि रोझमेरीची ती बारकी, चिवट पानं, आणि म्हणूनच पाण्यावरून होणारे तंटे. तुरिया नदीच्या पाटांचे तंटे आजही कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी १२ वाजता पंचांपुढे येतात. सगळं तोंडी. हा पंचांचा न्याय २००९ पासून युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

आई दर जूनला फोनवर विचारते, "पडला का गं पाऊस?" मी दरवेळी सांगते, "आई, इथे ऑक्टोबरात पडतो." हे मी पूर्वी हसत सांगायचे. उन्हाळाभर तापलेला समुद्र शरद ऋतूत भरपूर बाष्प देतो, वरच्या थरात थंड हवेचा एखादा गोळा तुटून येऊन अडकतो आणि सगळं एकदम कोसळतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला जवळच्या तुरीस गावात एका दिवसात ७७१ मिलिमीटर पडला. शहराजवळच्या पाइपोर्ता गावात तर पाऊस जेमतेमच होता. वरच्या भागातून कोरड्या नाल्यानं पाण्याचा लोंढा आला. मोबाइलवर इशारा आला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, लोक आधीच पाण्यात होते. प्रांतात २२० पेक्षा जास्त माणसं गेली. मुख्य शहर वाचलं, कारण १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली होती. जुन्या पात्रात आता बाग आहे, मी तिथे सकाळी चालते.

आईनं बातम्या पाहिल्या आणि म्हणाली, "वाशिष्ठीनं केलं तेच की गं." जुलै २०२१ मध्ये आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फरक एवढाच की चिपळूणला जून लागला की माणूस नदीकडे बघायला लागतो. इथे वर्षातले तीनशे दिवस आभाळ निळं, त्यामुळे त्या नाल्याकडे कुणी बघतच नाही. या हवेवर माझा एकच मोठा आक्षेप आहे, तो हाच.

बाकी मला ती सोडवत नाही. नणंद दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन येते म्हणत होती. मी तिला नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढायला सांगितलंय, आणि जाड लोकरी मोजे आणायला. घरात घालायला.