हकीम आज खेळला असता तर? शेक सोडा, डिफेन्स बघा

बास्केटबॉलच्या जुन्या खेळाडूंच्या गप्पा निघाल्या की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आताची पोरं नाजूक, जरा हात लागला की फाऊल, खरे मर्द तेव्हाचे. दुसरी म्हणते तेव्हा समोर होतं कोण, आजचा बेंचवरचा खेळाडू तिथं नेऊन सोडला तर चाळीस पॉइंट मारेल. मला दोन्हींचा सारखाच कंटाळा आलाय, कारण दोघांपैकी कुणीच कुठलं स्किल आज चालेल आणि कुठलं चालणार नाही एवढं साधं बोलत नाही. म्हणून आज एकच माणूस घेतो, एनबीए या अमेरिकन लीगमधला हकीम ओलाजुवान, आणि त्याला सरळ आजच्या सेंटर्सच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंच्या, शेजारी उभा करतो.

ज्यांनी त्याला बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६३चा, नायजेरियातल्या लागोसमधला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉल नाहीच, हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर. मग ह्यूस्टन युनिव्हर्सिटी, उन्हाळ्यात मोझेस मलोनसारख्या दादा सेंटरबरोबर प्रॅक्टिस, आणि १९८४च्या ड्राफ्टमध्ये (टीम्सनी नवे खेळाडू निवडायची फेरी) पहिला नंबर. त्याच ड्राफ्टमध्ये जॉर्डन तिसरा होता आणि तरीही हकीमला आधी घेतलं म्हणून ह्यूस्टन रॉकेट्सला आजवर कुणी वेडं ठरवलेलं नाही, यात सगळं आलं. १९९४ आणि १९९५ अशा लागोपाठ दोन चॅम्पियनशिप. १९९३-९४च्या एकाच सीझनमध्ये एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर आणि फायनल्स एमव्हीपी अशी तिन्ही बक्षिसं घेणारा तो आजवरचा एकटाच.

आता त्याचं नाव काढलं की लोक पहिलं काय म्हणतात? ड्रीम शेक, म्हणजे खांद्या-डोक्याने चकवायची त्याची खास चाल. बरोबर आहे, ती चीजच तशी होती. १९९५ची वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, समोर सॅन अँटोनिओचा डेव्हिड रॉबिन्सन. रॉबिन्सन म्हणजे कुणी सोम्यागोम्या नव्हे हां, त्या सीझनचा एमव्हीपी, दुसऱ्या मॅचच्या आधी घरच्या प्रेक्षकांसमोर ती ट्रॉफी हातात घेतली आणि मग हकीमने त्याच्यावर ४१ पॉइंट काढले. त्यातला एक बास्केट मी कितीही वेळा बघू शकतो. हकीम बॉल घेऊन एका बाजूला निघतो, थांबतो, गिरकी मारून उलटा वळतो, शॉटला वर जातोय असं दाखवतो, रॉबिन्सन हवेत जातो, आणि तो खाली यायच्या आत हकीम त्याच्या हाताखालून एक पाऊल आत टाकून आरामात बॉल बोर्डला लावतो. स्लो करून बघितलं तर कळतं की बॉल फारसा हलतच नाही, हलतात ते खांदे आणि डोकं, आणि पिव्हटचा, म्हणजे ज्यावर फिरायचं तो, पाय जमिनीला खिळा ठोकल्यासारखा तिथंच. पूर्ण सिरीजमध्ये त्याची सरासरी ३५.३, रॉबिन्सनची २५.५, आणि रॉकेट्स ४-२ ने पुढे.

पण माझं म्हणणं ऐका. आजच्या लीगमध्ये हकीम आला तर सगळ्यात जास्त कात्री याच गोष्टीला लागेल.

कारण नियम. हकीमच्या काळात इल्लीगल डिफेन्स नावाचा प्रकार होता. डिफेंडरने एकतर आपला माणूस धरायचा नाहीतर सरळ उघडपणे डबल टीमला, म्हणजे दोघांनी मिळून एकाला अडवायला, जायचं, मध्येच कुठंतरी अधांतरी उभं राहून पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळच्या जागेवर, नजर ठेवायची नाही. म्हणजे हकीमला बास्केटजवळ डाव्या बाजूला, ज्याला ब्लॉक म्हणतात तिथं, बॉल मिळाला की त्याच्याकडे एक माणूस, आणि दुसरा यायचा असेल तर तो येताना दिसायचा. २००१-०२ पासून झोन, म्हणजे माणूस न धरता जागा राखायचा डिफेन्स, चालू झाला आणि हे सगळं संपलं. आज पोस्टमध्ये बॉल टाकायचा म्हटलं तर एक जण पुढून आडवा, एक मागं टपून, पास वरून फेकावा लागतो आणि तोवर शॉट क्लॉकमधले सहा-सात सेकंद गेले. आता डिफेन्सला पेंटमध्ये (बास्केटखालच्या चौकटीत) तीन सेकंदांच्या वर नुसतं उभं राहता येत नाही हे खरं, पण हुशार डिफेंडर आत-बाहेर करत तेवढं सांभाळतोच.

यावर कुणी म्हणेल की आज स्पेसिंग आहे, बाहेर चार शूटर उभे असतील तर डबल करायला येणार कोण. मुद्दा रास्त आहे. आणि गंमत म्हणजे हीच आयडिया रॉकेट्सचा कोच रुडी टॉमजानोविचने तेव्हाच हकीमभोवती लावली होती. केनी स्मिथ, व्हर्नन मॅक्सवेल, रॉबर्ट हॉरी, मारियो एली, सगळे बाहेर, हकीम एकटा आत. १९९३-९४ला लीगमधल्या टीमची थ्रीच्या (लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटच्या) प्रयत्नांची सरासरी मॅचला दहाच्या आसपास होती, रॉकेट्स पंधराच्या वर मारायचे, लीगमध्ये सगळ्यात जास्त. आता सगळ्यांची सरासरी ३७च्या आसपास गेलीय, त्यामुळे ते पंधरा ऐकून हसू येतं, पण सुरुवात करणाऱ्यांमध्ये ती टीम होती हे विसरू नका. तर हकीमला शूटर नवीन नाहीत. प्रश्न असा आहे की शूटर असलेल्या टीममध्ये मधल्या माणसाकडून आज जे मागतात ते त्याच्याकडे होतं का?

इथं डेन्व्हरचा सेंटर निकोला योकिच येतो आणि गाडी अडते. हकीमचे असिस्ट (बास्केट करून देणारे पास) करिअरभर सरासरी मॅचला अडीच, आणि रेग्युलर सीझनमध्ये एकदाही चारवर गेले नाहीत. वाईट पासर नव्हता, डबल आला की बाहेरचा मोकळा माणूस त्याला दिसायचा आणि तो वेळेवर बॉल द्यायचा. पण ते उत्तर देणं झालं. योकिच प्रश्नच स्वतः तयार करतो, कटर, म्हणजे बास्केटकडे पळणारा सहकारी, निघायच्या आधी बॉल निघालेला असतो, पाठीमागून, डोक्यावरून, एका हाताने, टच पासने, काय वाट्टेल ते. २०२४-२५ला त्याने पूर्ण सीझन ट्रिपल डबलच्या (तिन्ही आकडे दहाच्या वर) सरासरीने काढला, २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट, आणि वर थ्री ४० टक्क्यांच्या पुढे. सेंटरने हे करायचं म्हणजे, राव, १९९४ला कुणी सांगितलं असतं तर त्याला घरी जाऊन झोप म्हणाले असते. ऑफेन्समध्ये योकिच हकीमच्या पुढे आहे, आणि थोडाथोडका नाही. मी हकीमचा फॅन आहे तरी हे लिहितोय.

थ्रीचं तर बोलायलाच नको. हकीमने अठरा सीझनमध्ये मिळून १२४ थ्री मारले, त्यातले २५ आत गेले. सॅन अँटोनिओच्या व्हिक्टर वेम्बान्यामाने २०२४-२५ला आजारपणामुळे फक्त ४६ मॅच खेळल्या आणि तेवढ्यात ४००च्या आसपास मारले. आता कुणी म्हणतं की हकीम आज असता तर शिकला असता, हात मऊ होता, फेडअवे (मागं झुकून मारायचा शॉट) तर बेसलाइनवरून डोळे मिटून मारायचा. असेल. पण त्याचे फ्री थ्रो करिअरभर ७१ टक्के होते, एम्बीड, योकिच हे आजचे सेंटर ८०च्या वर आहेत. थ्री शिकेल की नाही याचा अंदाज बांधायला फ्री थ्रोच बघतात, आणि त्यावरून मला वाटतं तो ठीकठाक शूटर झाला असता, भारी नाही.

एम्बीडचं नाव निघालंच आहे तर, हकीमचा ऑफेन्स आज कसा दिसला असता याचा सगळ्यात जवळचा नमुना तोच. कॅमेरूनमधला पोरगा, बास्केटबॉल उशिरा सुरू केलं, हकीमचे व्हिडिओ बघून शिकला हे त्याने स्वतः सांगितलंय. पण नीट बघा, एम्बीडने ब्लॉकवरचा खेळ उचलून फ्री थ्रो लाइनजवळ आणला, तोंड बास्केटकडे करून, म्हणजे डबल कुठून येतोय ते समोर दिसतं. तेच खांदे, तोच चकवा, जागा वेगळी. २२ जानेवारी २०२४ला सॅन अँटोनिओ स्पर्सवर ७० पॉइंट मारले ते बरेचसे याच धाटणीचे. हकीमलाही हेच करावं लागलं असतं आणि जमलंही असतं, कारण तो असं बास्केटकडे तोंड करून, फेसअप, खेळायचाच.

चला, आता मूळ मुद्दा.

१९९४ फायनल्स, सहावी मॅच. न्यूयॉर्क निक्स ३-२ ने पुढे, रॉकेट्स त्या मॅचमध्ये ८६-८४ ने पुढे, शेवटचे काही सेकंद. बॉल जॉन स्टार्क्सकडे, त्याचे २७ पॉइंट झालेत, १६ तर एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे हात तापलेला. थ्री आत गेला तर निक्स चॅम्पियन, विषय संपला. निक्सचा सेंटर युइंग स्क्रीन लावतो (डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो), हकीम आपला माणूस सोडून बाहेर येतो, स्टार्क्स उडतो, शॉट सुटतो, आणि हकीमची बोटं बॉलला लागतात. मॅच तिथंच संपली, सातवी मॅच रॉकेट्सने घेतली, स्टार्क्सचे त्यात १८ पैकी २च शॉट आत.

आता २४ मे २०२४. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, दुसरी मॅच, मिनेसोटा दोन पॉइंटने पुढे, बॉल डॅलसच्या लुका डॉन्चिचकडे. समोर स्विच होऊन, म्हणजे माणूस बदलून, आलेला मिनेसोटाचा सेंटर रुडी गोबेर, चार वेळचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. लुका त्याला ड्रिबलवर नाचवतो, एकदम मागं सरकतो, थ्री, आत. १०९-१०८.

जवळपास तीच परिस्थिती बघा. सेंटर बाहेर ओढला गेलाय, समोर गार्ड, थ्रीवर मॅच. एकाची बोटं पोचली, दुसऱ्याचा हात पोचला नाही, आणि गोबेर हकीमपेक्षा उंच आहे, हात लांब आहेत. हकीम कागदावर सात फूट, प्रत्यक्षात त्याहून थोडा कमीच असं सगळेच म्हणतात. फरक उंचीत नाहीच, पायांत आहे. गोबेरला दिशा बदलायला अर्धं पाऊल जास्त लागतं आणि लुकासारखा माणूस त्या अर्ध्या पावलावरच जगतो. हकीम कंबर खाली ठेवून, बोटांवर तोल धरून सरकायचा, गोलकीपर सरकतो तसा. हे त्याला कोर्टावर कुणी शिकवलं नाही, तो ते लागोसहूनच घेऊन आला होता.

अर्थात स्टार्क्सचा शॉट आणि लुकाचा शॉट एक नाही. स्टार्क्स स्क्रीनवरून येऊन सरळ उडाला. असा मागं सरकून मारायचा स्टेपबॅक थ्री तेव्हा कुणी मारत नव्हतं, मारला असता तर कोचने लगेच बसवलं असतं. आजचे गार्ड हकीमलाही बऱ्याचदा गंडवतील, यात वाद नाही. पण आज टीम सेंटर निवडताना पहिला प्रश्न काय विचारते, तर पिक अँड रोलवर (स्क्रीन लावून बास्केटकडे पळायची चाल) याला मागं ठेवावं लागेल की हा बाहेर येऊ शकतो. मागं ठेवला तर करी, लिलार्ड, लुका वरून थ्री ओतत बसतात. बाहेर आणला तर रिम, म्हणजे बास्केट, मोकळी. बाहेर येऊन गार्ड अडवेल आणि परत मागं पळून रिमही राखेल असा माणूस सगळ्यांना हवाय आणि मिळत नाही. हकीम तो माणूस होता, आणि त्या काळात हे फारसं कुणी मागतही नव्हतं!

आकडे बघायचे तर हे बघा. ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, ३,८३०, अजूनही लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त (ब्लॉक मोजायला १९७३-७४ला सुरुवात झाली, त्यामुळे त्याआधी खेळलेल्या रसेल आणि चेंबरलेनच्या चाहत्यांनी चिडू नये, तुमचं बरोबर आहे). स्टील (हिसकावलेले बॉल) २,१६२. सेंटरचे! दोन्हींत दोन हजारांच्या वर असलेला दुसरा खेळाडू नाही. १९८८-८९ला एका सीझनमध्ये २८२ ब्लॉक आणि २१३ स्टील, दोन्हींत दोनशे पार करणारा सीझन दुसऱ्या कुणाचाच नाही. ब्लॉक उंचीने मिळतात म्हणा हवं तर, स्टील उंचीने मिळत नाहीत. त्याला पासिंग लेनमध्ये हात घालायचं वेळेचं भान लागतं, आणि चुकलं तर परत जागेवर यायला पाय लागतात.

वेम्बान्यामा हा एकच आहे ज्याच्याकडे बघून मी गप्प बसतो. ब्लॉकमध्ये तो हकीमच्या पंगतीत आत्ताच बसलाय, आणि त्याचे हात इतके लांब आहेत की पाय अर्धं पाऊल मागं राहिले तरी भागतं. फेब्रुवारी २०२४ला लेकर्सवर त्याने पाचही कॉलममध्ये (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक) पाच किंवा जास्त असा फाइव्ह बाय फाइव्ह काढला. हकीमचे तसे सहा आहेत, सगळ्यात जास्त. पण बुटका, जाडजूड गार्ड किंवा फॉरवर्ड अंगावर येऊन ढकलायला लागला की वेम्बीची कंबर वर येते आणि तो मागं सरकतो. हकीम तिथं हलायचा नाही, ऑरलँडोच्या आडदांड शॅकसमोरही पाय रोवून उभा राहायचा, १९९५च्या फायनल्समध्ये ऑरलँडोला ४-० ने झोपवलं तेव्हा शॅकने २८ची सरासरी काढली पण प्रत्येक पॉइंट घाम गाळून.

२०२५च्या उन्हाळ्यात वेम्बी ह्यूस्टनला हकीमकडे शिकायला गेला होता. त्याआधी कोबी गेला, लेब्रॉन गेला, ड्वाइट हॉवर्ड गेला. सगळे पोस्ट मूव्ह शिकायला गेले. माझ्या हातात असतं तर मी वेम्बीला बॉल हातात दिलाच नसता, नुसता हकीमसमोर डिफेन्सच्या पोझमध्ये उभा केला असता आणि कंबर खाली ठेवायला लावली असती.

ज्यांना पटत नाही त्यांनी ९४ची ती सहावी मॅच पूर्ण बघा, हायलाइट नको, पूर्ण. आणि बॉलकडे बघू नका, हकीमकडे बघा, बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो कुठं उभा असतो, स्क्रीन येतेय हे त्याला किती आधी कळतं, बाहेर येऊन परत युइंगकडे किती पटकन जातो. स्टार्क्सचा तो शॉट शेवटी येतो, पण त्याच्या आधी अख्ख्या चौथ्या क्वार्टरमध्ये तो हेच करत असतो आणि कॅमेरा बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.