पावलावर पाऊल ठेवू नका

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकमचा उपसागर आहे. ओहोटीला तिथे तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास वाळू उघडी पडते. हेस्ट बँकहून निघायचं, मधल्या कीर आणि केंट या दोन नद्या पायी ओलांडायच्या आणि पलीकडच्या केंट्स बँकला पोचायचं. वळणं धरून २१ किलोमीटर, अशी ही शर्यत. माझी नेमणूक केंटच्या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी होती. धावणाऱ्यांना मोजून नदीत सोडायचं आणि मोजून पलीकडे काढायचं, एवढंच काम.

कोकणातल्या माणसाला इथलं वेळापत्रक परकं वाटणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपला हिशेब योगायोगाने इथेही जवळपास जुळतो. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेवढा तास मिळवायचा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सातला, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, एकच्या सुमारास आणि पुन्हा भरती संध्याकाळी साडेसातला. अंदाजाला हे पुरतं. शर्यत मात्र छापील कोष्टकावरच ठरते. पौर्णिमा-अमावास्येला वाळू जास्त उघडते खरी, पण पाणी ऐन दुपारी येतं आणि उधाणाला चढउतार १० मीटरपर्यंत जातो. शिवाय ते समोरून लाटांनी येत नाही. आधी पाठीमागच्या घळी भरतात आणि माणूस बेटावर अडकतो. २००४ च्या फेब्रुवारीत शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर रात्रीच्या अंधारात असेच बुडाले. म्हणून दिवसाची शर्यत भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीलाच घ्यायची.

शर्यतीच्या आदल्या रात्री डोंगरात पाऊस झाला आणि केंट फुगली. दोन दिवसांपूर्वी वाटाड्याने लॉरेलच्या फांद्या रोवून उतार दाखवला होता. लॉरेलच का, तर तिची पानं भरतीच्या माऱ्यातही गळत नाहीत. या वाळूवर सरकारी वाटाड्या नेमायची रीत सोळाव्या शतकापासून आहे. सेड्रिक रॉबिन्सन यांनी तर १९६३ ते २०१९ हे काम केलं. त्या सकाळी काठीने पाहिलं तेव्हा खुणेच्या जागी पाणी कंबरेला लागत होतं. आमची मर्यादा मांडीच्या मध्यापर्यंत. मग उतार ४०० मीटर खाली हलवला, जिथे नदी तीन धारांत फुटते. पात्र रुंद दिसलं की लोक बिचकतात, पण रुंद जागीच पाणी उथळ असतं. अरुंद आणि गुळगुळीत दिसणारी धार खोल असते.

नदीपेक्षा घात करतो तो पलीकडचा काठ. नक्षी उठलेली, मंद रंगाची वाळू भक्कम असते. घोट्यांची वाट लागते, पण पाय टिकतो. चकचकीत, सपाट, टाच आपटल्यावर खरवसासारखी थरथरणारी वाळू वाईट. तिच्यावरून पहिले वीस जण आरामात जातात. प्रत्येक पावलागणिक कणांमधलं पाणी ढवळतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि एकविसावा खाली जातो. म्हणून नदीतून एकामागे एक रांगेत नाही, शेजारी शेजारी आडव्या ओळीत जायचं. पुढच्याच्या ठशात पाय टाकायचा नाही. धावणाऱ्याची सवय नेमकी उलटी असते. दमलेला माणूस तयार ठसा शोधतो.

दीडच्या सुमारास तसंच झालं. एकाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत रुतला आणि तो सगळं बळ लावून वर ओढू लागला. हेच करू नये. ढवळलेली वाळू पायाभोवती पुन्हा बसते आणि घट्ट आवळते. अॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मोजलं होतं, की अशा वाळूतून पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने उपसायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याएवढं बळ लागतं. त्याला आधी मागे बसायला लावलं, मोकळा पाय पसरायला सांगितलं. आम्ही दोघं प्लायवूडच्या फळीवर गुडघे टेकून बसलो. उभं राहिलो असतो तर आम्हीही खचलो असतो. हातपंपाची मीटरभर लांब नळी नडगीला लावून घोट्यापर्यंत सरकवली आणि पाणी सोडलं. पाणी शिरतं तशी वाळू सैल होते. त्याने तळवा हळूहळू गोल फिरवायचा, आम्ही पोटरीमागची वाळू हाताने उकरायची. गुडघा मोकळा झाल्यावर पंपाचा एक दणका आणि पाय बाहेर. बूट आतच राहिला. १४ मिनिटं लागली. तो बोलताना अडखळत होता, दात वाजत होते. ओले कपडे काढून, कोरड्या घोंगडीत गुंडाळून त्याला ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसवलं. त्याला धावायचं होतं. मी नाही म्हटलं.

सव्वादोनला उतार बंद. शेवटचे दोघे दोन मिनिटं उशिरा आले, पाय उत्तम, चेहरे हिरमुसलेले. वाईट वाटलं, तरी सोडलं नाही. इथली वेळमर्यादा दमलेल्यांसाठी नाही, पाण्यासाठी असते.

सुटले १८२. कीरपाशी तिघांनी सोडलं, दोघं उताराला थांबवले, एक रुतलेला. ट्रेलरमध्ये सहा, शेवटच्या रेषेवर १७६. हा आकडा बिनतारीवर ऐकल्यावरच आम्ही फळ्या उचलल्या.

आता काठावर चढायचा पट्टा आम्ही दर तीस माणसांनंतर १५ मीटर सरकवतो. जुना पट्टा दोरीने बंद करतो आणि तिथे एक माणूस उभा ठेवतो, कारण मोकळी दोरी ओलांडून लोक पुन्हा त्याच ठशांकडे जातात.