अवधाण

आईच्या जांघेत अवधाण आलंय, पायाच्या जखमेने गाठ सुजलीय, हे मला आज शेजारच्या काकूंकडून कळलं. तेही जिन्यात. "आता चालता येतंय का गं तिला?" मी नुसतं हो म्हणाले.

मंगळवारी हिंदमाताला पाणी तुंबलं होतं, त्यातून येताना तिच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी कापलं. विचारलं तर म्हणते, "तू दमून येतेस, तुला कुठे सांगू." काकूंना सांगता येतं.

आणि मी दिवसभर काम कशावर करते? याच गाठीवर, लसीकाग्रंथीवर. जखमेपाशी डेंड्रायटिक पेशी ही शरीराची पहारेकरी पेशी जंतूला गिळते, पोटातल्या आम्लात त्याचे तुकडे करते, १३ ते २५ अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एमएचसी नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसवून अंगावर मिरवत लसीकावाहिनीतून गाठीपर्यंत जाते. तिथे जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी एकामागून एक येऊन तो चाचपतात. ओळखणारी लाखात एखादी. तोवर गाठीतून बाहेर पडायची वाट बंद होते, पेशी आत साठत जातात, गाठ सुजते. आख्खा जंतू समोर असला तरी या टी पेशीला तो दिसत नाही, कुणीतरी तुकडा करून पुढे धरावा लागतो.

मला कुणी दाखवलंच नाही, असं संध्याकाळभर घोकत बसले.

पण बुधवारी रात्री ती म्हणाली होती, "पाय जरा ठणकतोय गं." मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. स्टाइनमन आणि कोन या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये डेंड्रायटिक पेशींना नाव दिलं, तेव्हाही बरीच वर्षं लोकांनी ते मनावर घेतलं नव्हतं. २०११ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा स्टाइनमन जाऊन तीन दिवस झाले होते. हे मी वर्गातल्या मुलांना दरवर्षी सांगते.

नुसता तुकडा दाखवूनही भागत नाही. सोबत धोक्याची दुसरी खूण लागते. ती नसेल तर टी पेशी गप्प होते, आणि पुढे तोच तुकडा पुन्हा समोर आला तरी सहसा उठत नाही. आई 'जरा' म्हणाली होती. ती नेहमी 'जरा'च म्हणते. बाबांच्या वेळीही. असो. या वयात ती 'फार' म्हणायला शिकणार नाही. 'जरा' ऐकू यायला मलाच शिकावं लागेल.

जेवणानंतर तिचा पाय मांडीवर घेतला. नखाच्या कडेला हळद भरून पिवळी झालेली चीर, भोवती लाल, गरम. गाठ शेंगदाण्याहून मोठी. बोट लागताच तिने माझं मनगट धरलं.

सकाळी दवाखान्यात नेते. पाण्यातून चालली आहे, लेप्टो, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप, त्याच्या गोळ्यांचंही विचारायचंय.